मामाच्या गावात मला कोणी हरवेना

मी पत्ते खेळायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. किल्ला बघायला गेले आणि सहज दोन डाव झाले, अशी सारवासारव मला जमत नाही. दिवाळीनंतर रजा टाकली, स्कूटी काढली आणि आंबागडच्या पायथ्याशी मामाच्या गावी पोकर खेळायला गेले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गणित घेऊन बी.एस्सी. केलं, नागपुरात नोकरी करते. "एवढं शिकून पत्ते कुटते काय?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालाय. माझं उत्तर तयार असतं: हो, शिकले म्हणूनच कुटते.

ज्यांना पोकर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते दुसऱ्याला दिसत नाहीत. मधे पाच पत्ते एकेक करून उघडतात, ते सगळ्यांचे. दोन्ही मिळून ज्याची पानं भारी त्याचा डाव. पण दर टप्प्याला बिल्ले, म्हणजे चिप्स, लावावे लागतात, आणि समोरच्याचे बिल्ले बघून घाबरून पत्ते टाकले तर भारी पानंही मातीमोल. खेळ पत्त्यांचा कमी आणि माणसांचा जास्त आहे. नागपुरात एका फ्लॅटवर पैशाचा खेळही चालतो. तिथं मी बसून पाहिलं आणि सोडून दिलं. खिसा रिकामा झाला की माणूस परत भरून बसतो, वाटलं की उठून जातो. स्पर्धेत तसं नाही. सगळ्यांना सारखे बिल्ले, संपले की घरी. मला ते आवडतं.

नागपूरच्या आमच्या क्लबनं या वर्षी विदर्भाची फायनल ठेवली. गावोगावच्या स्पर्धेत जो पहिला येईल त्यालाच तिथं जागा. नागपुरात मी दुसरी आले. गोंदियात लवकरच बाहेर पडले. आता एकच स्पर्धा उरली होती, ती मामाच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत. ती जिंकले तर फायनल, नाही तर वर्ष गेलं.

शहापूर

घर आमचं शहापूरला, हायवेला लागून. निघताना आई म्हणाली, "जाऊन राहिली तं जा, पण कोनी इचारलं तं मामाले भेटाले चालली म्हन."

"पत्ते खेळाले चालली म्हणीन."

"लाज नाई वाटत?"

"गावातले सारे बाप्ये पारावर तीन पत्ती खेळतात, त्याहिले वाटते काय?"

बाबा खाटेवर बसून दाढी करत होते. हसून म्हणाले, "जाऊ दे ना तिले. मामाच्या गावात कोन हरवते हिले?"

मला वाटलं, बापाला लेकीवर केवढा भरवसा. त्यांना भरवसा नव्हता, माहिती होती. हे मला नंतर कळलं.

मोहाडी

भंडाऱ्याहून तुमसरकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. कापणी लागली होती. कापलेल्या धानाचे कडपे ओळीनं पसरलेले, धुऱ्यावर माणसं भाकरी सोडून बसलेली, आणि प्रत्येकाचा एक डोळा आभाळाकडे. या दिवसांत ढग आला की आमच्याकडे कोणी कविता करत नाही. शिवी देतात.

मोहाडीत शिरले तर बाजाराचा दिवस, आणि ऐन गर्दीत स्कूटीची एक्सलेटर वायर तुटली. ढकलत ढकलत एका दुकानापर्यंत नेली. मिस्त्रीनं गाडी पाहिली, मग मला पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं.

"एकट्याच काय मॅडम?"

"नाही. गाडी आहे ना सोबत."

"तसं नाई, कोनी मानूस..."

"माणूस असता तर वायर तुटली नसती काय?"

तो हसला आणि कामाला लागला. वायर बदलून होईपर्यंत मी उकडलेले शिंगाडे खाल्ले. पुण्याच्या मैत्रिणींना शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ. आमच्याकडे तलावातून काढलेला, काळ्या सालीचा, वाफ निघत असलेला शिंगाडा दातानं फोडून खातात. बोटं काळी होतात ती दोन दिवस जात नाहीत. विकणाऱ्या बाईनं विचारलं कुठं चालली. सांगितलं, पत्ते खेळायला. तिनं मूठभर शिंगाडे वर टाकले. "जितून येजो माय. आमचे बुवा तं हारूनच येते."

मामाचं गाव

तुमसर मागे पडलं की रस्ता अरुंद होतो, साग दिसायला लागतो आणि मग समोर आंबागडचा डोंगर. किल्ला खालून झाडीत लपलेला, बुरुजाचा एक तुकडा तेवढा बाहेर. गाव त्याच्या पायाशी.

अंगणात गाडी लावली तोच मामा तांब्या घेऊन बाहेर आले. माझ्या पायांवर पाणी ओतलं, वाकले, पायांना हात लावून कपाळाला लावला. मग मामी वाकली. मग शेजारचे दोन मामा आले, तेही वाकले.

बाहेरच्या वाचकांना हे विचित्र वाटेल. तुमच्याकडे भाची मामाच्या पाया पडते. आमच्या झाडीपट्टीत कितीतरी घरांत मामा भाचीच्या पाया पडतो. बहिणीची लेक म्हणजे देवाचं माणूस. तिला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही. आणि आईच्या पिढीचा गावातला प्रत्येक पुरुष माझा मामा. साठी उलटलेली माणसं जीन्स घातलेल्या पोरीपुढं वाकतात तेव्हा मला अजूनही अवघडल्यासारखं होतं, पण पाय मागे घेतले तर त्यांना वाईट वाटतं.

मामीनं जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे, बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, लहान मासोळ्यांचं कालवण आणि नव्या धानाचा भात वाढला. वर कोहळ्याचे गोड बोंड. मामा शेजारी बसून मला वारा घालत होते. नखात धानाचा चिखल, पण वारा कसा राजाला घालावा तसा.

पोकर या गावात आणलं ते अमोलनं, मामाच्या मुलानं. तो गोव्याला कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटायचं काम करत होता. परत आला तेव्हा त्यानं गावातल्या पोरांना शिकवलं, पोरांनी बापांना. तीन पत्तीत हयात गेलेल्या माणसांना पोकर शिकायला एक पावसाळा पुरला. यंदा मंडईत कबड्डीबरोबर पोकरही ठेवलं. दिवाळीनंतर आमच्याकडे प्रत्येक गावाची मंडई ठरलेल्या दिवशी भरते. पाव्हणे येतात, गोवाऱ्यांची सजवलेली ढाल वाजतगाजत निघते, रात्री दंडारीचं नाचगाणं होतं, पोरापोरींची लग्नं जुळतात. पैसे लावायचे नाहीत, असं पोलीस पाटलांनी बजावलं होतं. प्रवेशाला एक पायली धान, मंडळाच्या जेवणासाठी. जिंकणाऱ्याला बोकड आणि नागपूरच्या फायनलची जागा.

बोकड मला नको होता.

मंडई

समाजमंदिरात शाळेची बाकं जोडून त्यावर हिरवी चादर घातली होती. बाहेर भोंगा, पिपाण्या, भज्यांचा वास. नागपूरहून क्लबचे एक सर आले होते, स्पर्धेवर देखरेख करायला. सगळे त्यांना डायरेक्टर म्हणत होते. अमोल पत्ते वाटायला.

मी खुर्चीवर बसले तेव्हा मागून कोणीतरी बोललं, "बाई बसते काय पत्त्यावर?"

"बाई कोन्ती? भाची हाय आपली. बसू दे गा. भाचीले कोन अडवते?"

बसले. जिंकल्यासारखं वाटलं. पहिल्याच डावात मला दोन राण्या आल्या. मी थोडे बिल्ले पुढे सारले.

सगळ्यांनी पत्ते टाकले.

ठीक आहे, असं होतं कधीकधी. दुसऱ्या डावात हातात काहीच नव्हतं, तरी बिल्ले लावून पाहिले. सर्वांत आधी माझ्या सख्ख्या मामांनी टाकले, मग सगळ्यांनी पत्ते टाकले. तिसऱ्यात माझ्यासमोरचे सुकाजी मामा पत्ते बघून असे खुलले की शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. मी बिल्ले लावले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक सुस्कारा टाकला आणि पत्ते टाकले. उलटे टाकायचे ते सुलटे पडले. दोन एक्के होते.

"मामा, एक्के टाकले?"

"तुह्या समोर एक्के काय अन् दुऱ्या काय, बाई."

माझा ढीग वाढत होता आणि मी एकही डाव खेळले नव्हते. माझ्या डाव्या हाताला बालाघाटकडून आलेले गावचे जवाई बसले होते. त्यांचाही ढीग तसाच वाढत होता. जवाई म्हटल्यावर त्यांच्याशी कोण लढतो? ते खुशीत पान चघळत होते.

मी हळूच म्हटलं, "जवाईबुवा, हे बरोबर नाही."

"काहून? सासुरवाडीत आलो. भेटून राहिलं तं घ्या ना ताई, टेन्शन कायले घेता?"

डायरेक्टरनं खेळ थांबवला आणि मला ओसरीवर बोलावलं.

"मॅडम, तुमच्यावर डाउट नाही. पण हे जाणूनबुजून सोडून देणं आहे. आपल्या नियमात ही लबाडी होते. असंच चाललं तर मी या गावची सीटच रद्द करून राहिलो. बोकड तुम्ही घेऊन जा."

"ते लबाडी करत नाहीत हो. ते धर्म पाळत आहेत."

"मला काय धर्माचं? मी क्लबला काय सांगू?"

त्याचं चुकत नव्हतं. माझा संताप झाला तो त्याच्यावर नाही. नागपुरात मी टेबलावर बसले की लोक म्हणतात, "मॅडम, जरा सांभाळून." इथं पायाला हात लावतात. एका ठिकाणी कमी समजतात, दुसऱ्या ठिकाणी देव समजतात, आणि दोन्हीकडे माझ्याशी खेळत मात्र कोणी नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी गेले आणि ताटावर बसलेच नाही.

"मामा, तुम्ही माझ्याशी खेळत काहून नाही?"

मामा घाबरले. "खेळतो ना, बाई."

"पत्ते टाकता. तुम्ही टाकता म्हणून सारे टाकतात. माझी जागा जाणार त्यानं."

"भाचीच्या पदरातलं घेऊ कसा मी? बिल्ला असो का रुपया. मरताना कोन्तं तोंड दाखवू?"

"घ्यायचं नाही. मान्य. पण भाचीनं मागितलं तर?"

"तं द्या लागते." मामा एकदम मोकळे झाले. त्यांना वाटलं, सुटलो. "मांग ना! गाय मांग, बांधी मांग, नाई म्हनन काय मी?"

"तुमचा खेळ मागते. खरा. पारावर खेळता तसा. मला पाडायला खेळा."

मामांचा हात भातात तसाच राहिला. त्यांनी मामीकडे पाहिलं. मामी चुलीपाशी पदर खोचून उभी होती, हसू दाबत.

"पाह्यता काय माह्याकडं? मांगलं तं द्या लागते. खेळले तं पाप, नाई खेळले तं पाप. निवडा आता."

"तू बी तिच्याच बाजूनं?"

"मी पोरीच्या बाजूनं हावो."

मामा न जेवता उठले. समाजमंदिरात जाऊन टेबलापाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयका गा. भाचीनं खेळ मांगला हाय. खरा. ज्याच्यानं देववत नसन त्यानं उठावं."

कोणी उठलं नाही. सुकाजी मामांनी विचारलं, "अन् जवाईचं?"

"जवाईनं काई मांगलं नाई."

"जवाईलाही तोच नियम," डायरेक्टर म्हणाला. जवाईबुवांचं पान तोंडात थांबलं.

आणि मग त्या दुपारी मामांनी मला सोलून काढलं. काय सांगू! फुकट आलेले सगळे बिल्ले गेले, वर माझे अर्धे गेले. दोन वेळा मी मरता मरता वाचले. सुकाजी मामांनी माझी तिक्कल, म्हणजे एकसारखी तीन पानं, आपल्या मोठ्या तिक्कलीनं मारली आणि ओरडले, "गेली भाची!" मग जीभ चावली. मी टेबलावर हात आपटून हसले. इतक्या वर्षांत त्या गावात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. जवाईबुवा सगळ्यात आधी बाद झाले. त्यांचे सासरे डोळे मिटून बसले होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा टेबलावर दोघंच उरलो. मी आणि माझे सख्खे मामा. समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया खिडक्यांतून डोकावत होत्या.

मामा वाघासारखे खेळत होते. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बिल्ले पुढे सारायच्या आधी कधीकधी ते उजव्या हाताची बोटं टेबलाच्या काठाला टेकवायचे, माझ्या बाजूला, आणि कपाळाला लावायचे. पटकन, कोणाला दिसू नये असं. पाया पडत होते माझ्या, टेबलावरूनच. आधी वाटलं, दर वेळी करतात. नाही. जेव्हा जेव्हा त्यांनी असा नमस्कार केला आणि पत्ते उघडले, तेव्हा त्यांच्याकडे भारी पानं निघाली. जेव्हा केला नाही आणि मी लढले, तेव्हा हात रिकामा. मी मनात जुळवून पाहिलं. बरोबरच होतं. भाचीचं खरंच घ्यायचं असेल तर पाप लागतं, म्हणून आधी माफी. नुसतं भेडसावायचं असेल तर पाप कशाचं? मामांना स्वतःलाही हे ठाऊक नसावं.

मग तो डाव आला. मधे उघडलेले पत्ते बादशहा, राणी, अठ्ठी, चौकी, दुर्री. माझ्या हातात अठ्ठी आणि पंजी. म्हणजे अठ्ठ्यांची जोडी, बस. बादशहा किंवा राणी ज्याच्या हातात असेल तो मला सहज मारणार. मामांनी पत्त्यांकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी अख्खा ढीग पुढे लोटला. ढीग माझ्यापेक्षा मोठा नव्हता. मी लढून हरले तर माझ्याकडे चार-दोन बिल्ले उरणार, म्हणजे गेलेच. जिंकले तर फायनल.

बोटं काठाला लागली नव्हती.

मी परत आठवून पाहिलं. नव्हती लागली.

"लढते," मी म्हटलं, आणि अठ्ठी उघडली.

मामांनी पत्ते टाकले. सत्ती आणि तिर्री. काहीच नाही.

समाजमंदिरात एकच गलका झाला, पण तो माझ्यासाठी नव्हता. "सोडलं! मामानं सोडलं भाचीले!" लोकांच्या तोंडावर असं समाधान की जणू गाव पापातून सुटलं. बाया कौतुकानं मामांकडे बघत होत्या. आणि डायरेक्टर उठला. हात वर केला.

"मॅडम, सॉरी. काहीच नसताना सगळे बिल्ले देऊन टाकले. हे सगळ्यांसमोर झालं. सीट मी नाही देऊ शकत."

मी तोंड उघडायच्या आधी मामा उठले. खुर्ची मागे पडली.

"सोडलं? कोन म्हनते सोडलं?"

"काका, सत्ती-तिर्रीवर..."

"सत्ती-तिर्री हाय म्हनूनच तं लोटले! पानं असते तं थोडे थोडे लावून हिले खेचलं नसतं काय मी? पळवून लावाले लोटले, साहेब! पाडाले गेलो होतो मी हिले!" मग ते माझ्याकडे वळले. चेहरा लाल झाला होता. "अन् तू! अठ्ठीवर कोनी पाह्यते काय? तुले समजलं कसं?"

समोरच्याची खूण ओळखली तर ती मरेपर्यंत कोणाला सांगायची नसते, हा या खेळातला पहिला धडा. सांगितली की संपली. पण सांगितली नसती तर माझा विजय दान म्हणून वाटला गेला असता, आणि मामांचा खेळ लबाडी म्हणून. दोन्ही खोटं.

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, हातानं करून दाखवलं.

अमोल पत्ते हातात धरून म्हणाला, "खरं हाय. मी इथंच बसलो होतो. त्या रंगाच्या डावाले बाबानं हात लावला. बादशहाच्या जोडीले लावला. मले वाटलं टेबल पुसून राहिला." डायरेक्टरनं त्याला एकेक डाव विचारला, मामांना विचारलं, पुन्हा अमोलला विचारलं. मग खाली बसला, डोकं खाजवलं आणि हसला.

"बारा गावं फिरलो. अशी खूण नाही पाहिली. सीट मॅडमची."

मामा अजून उभेच होते. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत, जसा काही तो फितूर झाला.

"मी पाया पडत होतो, अन् तू ते बी पाहून राहिली होती?"

"हो."

"मोठी नालायक हायेस वो तू."

बायांनी तोंडाला पदर लावले. त्या गावात मामानं भाचीला असं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. मला आजवर मिळालेल्या कुठल्याच प्रमाणपत्रावर इतकं चांगलं वाक्य नाही.

बोकड मी मंडळाला दिला. रात्री कोणी शिजवला ते विचारलं नाही. सकाळी निघताना मामा वाकले, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

परतताना

तुमसरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबले होते. धानाचे भारे लादलेल्या ट्रॅक्टरवरून एक माणूस उतरला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. माझ्या स्कूटीभोवती एक चक्कर मारली.

"किल्ल्याखालच्या गावाची भाची तुमीच काय?"

"हो. काहून?"

"मामाले हरवलं म्हनते."

"हरवलं."

त्यानं चहा घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली. "उद्या आमची मंडई हाय. आमीबी पत्ते ठेवले. सीटगीट काई नाई, बोकड बी नाई. एक कोंबडा हाय, तो बी म्हातारा."

"मग मी कायले येऊ?"

"आमच्या गावात तुमचा कोनी मामा नाई." तो हसला नाही. "दूरदूर नाई. आमी इचारून पाह्यलं. कोनी पाया पडनार नाई, कोनी सोडनार नाई. पार रडवून पाठवू."

रजा अजून शिल्लक होती. मी चहाचे पैसे दिले, दोघांचे, आणि त्याला गावाचा रस्ता विचारला.